नायजेरियातलं ताट आणि पेहराव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लागोसमध्ये काही वर्षं संसार केल्यामुळे पुण्याच्या नातेवाइकांपासून नव्याने बदली होऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांपर्यंत सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतात. एकदाच लिहून ठेवते. मी अभ्यासक नाही. बाजारात घासाघीस करताना, शेजारणींच्या स्वयंपाकघरात लुडबुड करताना आणि लग्नांत मिरवताना जे कळलं, ते हे.

‘नायजेरियन जेवण’ असं काही असतं का?

‘भारतीय जेवण’ असतं तितकंच. या देशात अडीचशेहून जास्त वांशिक गट आहेत. मोठे तीन : उत्तरेत हौसा (आणि त्यांच्यात मिसळून गेलेले फुलानी), नैर्ऋत्येला योरुबा, आग्नेयेला इग्बो. शिवाय एफिक, इबिबिओ, इजॉ, एडो, टिव, कानुरी, उर्होबो, नुपे असे कितीतरी, आणि ‘छोटे’ म्हणवले जाणारे हे गटही लाखांच्या घरात आहेत.

कोण कुठला हे ओळखायचं माझं एक गणित आहे. ताटातल्या गोळ्याकडे बघू नका, सुपाकडे बघा. अंगातल्या झग्याकडे बघू नका, डोक्याकडे बघा. गोळा आणि झगा थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच.

हा ‘गोळा’ म्हणजे काय?

तिथे त्याला ‘स्वॅलो’ म्हणतात, म्हणजे गिळायचा पदार्थ. पातेल्यात पाणी उकळायचं, पीठ सोडायचं आणि लाकडी दांड्याने गुठळी होऊ न देता घोटायचं. मोदकाची उकड काढली असेल तर तुमचा हात आधीच तयार आहे. पीठ कशाचं ते प्रांतावर ठरतं.

दक्षिणेत कंदांचं राज्य. यामचा कंद उकडून उखळात मुसळाने कुटला की पांढराशुभ्र, ताणला जाणारा गोळा होतो. योरुबा त्याला इयान म्हणतात. जगात पिकणाऱ्या यामपैकी निम्म्याहून जास्त एकट्या नायजेरियात पिकतो. तोच याम अर्धवट शिजवून, वाळवून दळला की त्या पिठाचा होतो अमाला. रंगाने तपकिरी-काळा, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास नाचणीचा वाटणारा. कसावाचा कंद (आपला साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो) किसून, आंबवून, भाजला की गारी. गारीवर उकळतं पाणी ओतून मळलं की एबा. तोच कसावा भिजवून आंबवला की फुफू, इग्बोंचा अकपू. उपासाला चालणारा कंद इथे रोजच्या जेवणाचा कणा आहे, हे आमच्या सासूबाईंना अजून पचलेलं नाही.

उत्तरेत धान्य. तुवो शिंकाफा म्हणजे तांदूळ गिचका शिजवून घोटलेला, तुवो मसारा मक्याचा, तुवो दावा ज्वारीचा. ज्वारी-बाजरी तिथलीही जुनी पिकं, त्यामुळे सोलापूरच्या माणसाला उत्तरेतल्या कानो शहरात उपाशी राहायचं कारण नाही. फक्त भाकरीऐवजी उकड मिळेल.

एक सूचना. गोळा चावायचा नाही. उजव्या हाताने लहानसा तुकडा तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा, त्यात सूप घ्यायचं आणि सरळ गिळायचं. पहिल्या दिवशी मी घास चावत बसले, तेव्हा शेजारची आजी पोट धरून हसली होती.

मग सुपात असा काय फरक आहे?

‘सूप’ शब्दावर जाऊ नका. हे पेल्यातून प्यायचं पातळ पाणी नव्हे, आपली दाट पातळभाजी किंवा रस्सा समजा.

योरुबा मंडळी तिखटजाळ. लाल ढोबळ्या मिरच्या, टोमॅटो, कांदा आणि ‘अता रोडो’ नावाची गोलमटोल, अतिजहाल मिरची यांचं वाटण हा त्यांचा पाया. एफो रिरो ही पालेभाजी याच वाटणात शिजते, वर शेंदरी पामतेलाची तर्री. इबादान या योरुबा शहराची खासियत अबुला : काळा अमाला, त्यावर एका बाजूला एवेडू, दुसऱ्या बाजूला ग्बेगिरी आणि मध्ये मांसाचा लाल रस्सा. एवेडू म्हणजे तागाच्या जातीच्या झाडाचा पाला, भेंडीसारखा बुळबुळीत. तो शिजत असताना पातेल्यातच घुसळतात. आपण रवी घेऊ. त्या इजाबे नावाची काड्यांची छोटी केरसुणी घेतात. ती अर्थात फक्त स्वयंपाकाचीच असते, पण पहिल्यांदा पाहिल्यावर मी जागच्या जागी थिजले होते. ग्बेगिरी म्हणजे सालं काढलेल्या चवळीचं घोटीव वरण. तिन्ही एका बोटात आले की जी चव लागते, तिच्यासाठी मी आजही विमानाचं तिकीट काढीन.

इग्बोंची सुपं पाल्यांवर आणि दाटपणावर उभी असतात. ओफे ओनुग्बू हे कडू पाल्याचं सूप. पाला चोळचोळून, पाणी बदलत बदलत धुतात. कडूपणा पूर्ण घालवायचा नाही, जिभेच्या मागे थोडा रेंगाळला पाहिजे. कारल्याला मीठ लावून पिळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दाटपणा येतो तो उकडून वाटलेल्या अळकुड्यांनी. ओहाच्या कोवळ्या पानांचं सूप आणखी नाजूक. ती पानं सुरीने चिरत नाहीत, हाताने खुडतात. पामतेल न घालता केलेलं ओफे न्साला म्हणजे ‘पांढरं सूप’. यामच्या तुकड्याने दाट केलेलं, माशाचं किंवा कोंबडीचं.

हौसा घरात पामतेल मागे पडतं आणि शेंगदाणा पुढे येतो. मियान तौशे म्हणजे लाल भोपळा, पालेभाजी आणि शेंगदाण्याचं कूट. मियान कुका वाळवलेल्या बाओबाबच्या पानांची पूड घालून होतं. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. मुंबईत आणि मांडवगडला लोक जिच्यासोबत फोटो काढतात, तिचा पाला कानोत रोज रात्री पातेल्यात पडतो.

आणि आता माझा पक्षपात. सर्वांत सुंदर सुपं या तिघांकडे नाहीतच, ती कालाबार शहराकडच्या एफिक आणि इबिबिओ लोकांकडे आहेत. एदिकांग इकाँगमध्ये पाला इतका असतो की रस शोधावा लागतो. उगू (एका भोपळवर्गी वेलाचा पाला) आणि वॉटरलीफ, सोबत सुका मासा, मांस, शिंपल्या. पाण्याचा थेंब घालत नाहीत, वॉटरलीफलाच पुरेसं पाणी सुटतं. लागोसमध्ये योरुबा आणि इग्बो दोघांनीही याला डोक्यावर घेतलंय, यातच सगळं आलं.

उत्तर आणि दक्षिण इतकी वेगळी का?

पाऊस आणि एक माशी. दक्षिणेत दाट पावसाचं रान, तिथे पामतेलाची झाडं आणि कंद येतात. उत्तरेकडे पाऊस कमी होत जातो, तिथे ज्वारी, बाजरी, भुईमूग. माशी ती त्से-त्से. तिच्यामुळे होणारा रोग गुरांना मारतो आणि ती दमट दक्षिणेत फोफावते. म्हणून झेबूची (वशिंडाच्या गुरांची) मोठी खिल्लारं उत्तरेत राहिली आणि दूध-दही फुलानींच्या हाती राहिलं. फुलानी बायका डोक्यावर भोपळ्याच्या कवचाची भांडी घेऊन नोनो, म्हणजे आंबट दूध विकतात. त्यात बाजरीचे उकडलेले गोळे कुस्करले की फुरा दा नोनो. भर उन्हात ताकातली बाजरीची आंबील ज्यांनी प्यायली आहे त्यांना चव सांगायची गरज नाही. दक्षिणेच्या जुन्या स्वयंपाकात मात्र दूध जवळजवळ नाहीच.

सगळ्या सुपांना तो विशिष्ट वास कसला येतो?

आंबवलेल्या बियांचा. एका रानटी झाडाच्या शेंगांतल्या बिया उकडून आंबवतात. योरुबा त्यांना इरू म्हणतात, हौसा दावादावा. इग्बोंचं ओगिरी बहुधा एरंडाच्या किंवा कलिंगडवर्गी बियांचं. त्यात भर पडते क्रेफिशच्या पुडीची; आपल्या भाषेत जवळा. कोकणातल्या माणसाला दोन दिवसांत आपलंसं वाटतं, देशावरच्याला दोन महिने लागतात.

इग्बो घरांत आणखी एक वास असतो, ओकपोरोकोचा. हा लाकडासारखा कडक सुकवलेला मासा चक्क नॉर्वेहून येतो. १९६७ ते १९७० मध्ये इग्बोंचा प्रांत ‘बियाफ्रा’ म्हणून फुटून निघाला, त्या युद्धात उपासमार झाली, तेव्हा मदतीच्या अन्नात हा सुका मासाही होता. युद्ध संपलं, मासा राहिला.

शाकाहारी माणसाचं काय होणार?

उकडलेला याम, तळलेली पिकली केळी, चवळीचे वडे, भाजलेलं मक्याचं कणीस, पेरू-पपई. सुपांचं विसरा. ‘मांस नको’ म्हटलं तर मांसाचे तुकडे बाजूला काढून तेच सूप वाढतील, आणि जवळा हा त्यांच्या लेखी मांस नव्हेच, तो मसाला आहे. घरी गॅस असेल तर प्रश्न नाही. मगज बी आपल्याकडेही मिळते; तिच्याच जातीच्या एगुसीचं सूप पालक घालून उत्तम होतं.

आपल्याशी जुळणारं काही?

इतकं की कधीकधी संशय येतो. अकारा म्हणजे चवळी भिजवून, सालं काढून, वाटून तळलेले वडे. उत्तरेत त्यालाच कोसाई म्हणतात आणि सकाळी मक्याच्या किंवा बाजरीच्या आंबट पेजेसोबत खातात. तेच वाटण पानात बांधून वाफवलं की मोइमोइ. हौसांचा मासा (नाव ऐकून फसू नका, तो तांदळाचा असतो) म्हणजे आंबवलेल्या पिठाचे खळग्यांच्या तव्यावरचे घावन, अगदी आप्पेपात्रच. झोबो हे लालभडक सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचं. सुयावर (काडीला टोचून भाजलेल्या मांसावर) भुरभुरतात तो याजी मसाला म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, आलं आणि लाल मिरची; त्यात मीठ घातलं की सोलापुरी चटणीची सावत्र बहीण.

एफिक लोकांचं एक्पांग न्कुक्वो तर बघायलाच हवं. अळकुड्या आणि कोनफळ किसायचं, कीस अळूच्या कोवळ्या पानात बोटाएवढा गुंडाळायचा, अशा शेकडो वळकट्या पातेल्यात रचायच्या आणि पामतेल-जवळा घालून शिजवायच्या. रविवारची अख्खी सकाळ जाते. अळूवडी करणाऱ्या घरात जन्मले असल्यामुळे मला त्या माउलीने लगेच कामाला लावलं आणि माझ्या वळकट्या जाड होतात म्हणून नावंही ठेवली.

नात्याचा एक धागा पोर्तुगीजांकडे जातो. मिरची, मका, भुईमूग, कसावा हे सगळं अमेरिका खंडातून अटलांटिकच्या व्यापाराने पश्चिम आफ्रिकेत उतरलं. गोव्यातही मिरची त्याच सुमारास त्याच लोकांच्या गलबतांतून आली.

जोलोफ राइस कोणत्या गटाचा?

टोमॅटो-मिरचीच्या वाटणात शिजवलेला हा लाल भात नायजेरियातल्या कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा. नाव सेनेगलच्या वोलोफ लोकांच्या जोलोफ राज्याचं. सेनेगलच्या मूळ चेबू जेनला (मासे-भाताला) युनेस्कोने २०२१ मध्ये वारसायादीत घेतलं. कुणाचा जोलोफ चांगला हा विषय घानावाल्यांसमोर काढू नका, रात्र जाईल.

पाहुण्याला आधी काय देतात?

इग्बो घरात कोला, कडू-तुरट बी. आपल्याकडे पानसुपारी पुढे करतात तसं, पण विधी मोठा. यजमान आणतो, वडीलधारा प्रार्थना म्हणतो, मग फोडतात. ‘कोलाला इंग्रजी कळत नाही’ असं म्हणतात, म्हणून प्रार्थना इग्बोतच. पाकळ्या मोजतात, चार निघाल्या तर त्यांच्या आठवड्यातल्या एके, ओरिए, आफो, न्क्वो या चार बाजारदिवसांशी जोड लावतात. गंमत अशी की बायकांनी कोला फोडायचा नाही असा दंडक आहे. मला त्याचा राग येतो आणि माझ्या इग्बो मैत्रिणींनाही. कोलाचा सर्वांत मोठा खप मात्र उत्तरेत, हौसांमध्ये.

कपड्यांवरून माणूस कुठला हे कळतं का?

पुरुषाची टोपी पाहा. योरुबाची फिला मऊ, एका बाजूला कललेली. तिचाच एक प्रकार कुत्र्याच्या कानासारखे दोन पंख असलेला. हौसाची हुला ताठ, दंडगोल, बारीक भरतकामाची. अमीर (उत्तरेतला परंपरागत मुस्लिम राजा) असेल तर फेटा, आणि त्याला वर सशासारखी दोन टोकं. लाल टोपी घातलेला इग्बो म्हणजे पदवीधारक मानकरी, त्यात गरुडाचं पीस असेल तर अधिकच. गोल हॅट आणि हातात काठी म्हणजे नायजर नदीच्या मुखाकडचा इजॉ. २०१० ते २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष असलेले गुडलक जोनाथन तिथलेच, म्हणून त्यांच्या प्रत्येक फोटोत ती हॅट दिसते. फुलानी गुराखी चामड्याची किनार असलेल्या टोकदार गवती टोपीत.

अगबाडा आणि बब्बर रिगा एकच ना?

अगबाडा योरुबांचा, बब्बर रिगा हौसांचा; दोन्ही पुरुषांचे घोळदार झगे, घडण एकच. बाह्या जमिनीपर्यंत येतील इतक्या रुंद, त्या सतत खांद्यावर सरकवत बोलायचं असतं. उत्तरेत इस्लामी व्यापारी आणि विद्वानांसोबत असे झगे आले, १८०४ मध्ये उस्मान दान फोदिओ या फुलानी धर्मपंडिताने सुरू केलेल्या जिहादनंतर सोकोतोची खिलाफत उभी राहिली तेव्हा त्यांचा मान आणखी वाढला. योरुबांचा अगबाडा त्याच घराण्यातला. फरक कापडात. खरा अगबाडा अशो ओकेचा, म्हणजे पुरुषांच्या अरुंद मागावर विणलेल्या वीतभरापेक्षाही कमी रुंदीच्या पट्ट्या कडेला कड जोडून शिवलेला. ओयो राज्यातलं इसेयिन हे त्याचं पैठण म्हणा. जुने मानाचे रंग तीन : गर्द निळा एतू, रानटी रेशमाचा बदामी सान्यान, किरमिजी अलारी.

ते डोक्यावरचं शिल्प बायका कसं बांधतात?

त्याला गेले म्हणतात. आईला फोनवर ‘गेले शिकतेय’ म्हटलं तर ती घाबरून म्हणाली, ‘कोण गेले?’

कापड ताठ, कडकड वाजणारं. आरशासमोर बसायचं, एक कड कपाळावर भुवईच्या वर दाबायची, दोन्ही टोकं मागे ओढून डोक्याभोवती फिरवायची. मग खरी कला. समोरच्या भागावर एकेक चुणी पाडत जायची, निऱ्यांसारखी, पण खालून वर आणि पंख्याच्या आकारात. प्रत्येक चुणी मागचीपेक्षा केसभर वर. मैत्रीण टाचण्या दातांत धरून माझ्या डोक्याशी अर्धा तास झटत होती आणि शेवटी ‘तुझं कपाळ लहान आहे’ असा निकाल दिला. खाली इरो (कमरेला गुंडाळायचं कापड) आणि बुबा (सैल पोलकं). हौसा बायकांचा डोक्याचा रुमाल मात्र साधा, कल्लाबी, त्यावर मोठी ओढणी; नटण्याची हौस मेंदीत आणि सुरम्यात भागते.

अशो एबी म्हणजे?

‘कुटुंबाचं कापड’. यजमान कापड निवडतो, पाहुणे ते पैसे देऊन घेतात आणि आपापल्या शिंप्याकडून शिवतात. तीनशे माणसं एकाच जांभळ्या रंगात. मूळ योरुबांची रीत, आता सगळ्या देशात. दिसतं अप्रतिम, खिशाला मात्र महिन्याला दोन लग्नं म्हणजे दिवाळं.

इग्बोंचं जॉर्ज कापड भारतातून जातं हे खरं?

अगदी खरं, आणि मला हा सगळ्यात आवडता प्रश्न. इग्बो बाई लग्नाला कमरेला दोन कापडं एकावर एक गुंडाळते, वर पोलकं, गळ्यात पोवळ्यांच्या माळा. त्यातलं भरजरी कापड म्हणजे जॉर्ज. नाव मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरून पडलं असं सांगतात. मद्रासच्या किनाऱ्यावरचे चौकड्यांचे रुमाल कंपनीच्या काळापासून पश्चिम आफ्रिकेत जात होते. आंध्रातल्या चिरालासारख्या गावांतले विणकर पिढ्यान्‌पिढ्या ‘आफ्रिकेचा माल’ विणत आले.

नदीमुखाकडचे कालाबारी लोक (एफिकांच्या कालाबार शहराशी घोळ करू नका, हे इजॉंपैकी) या मद्रासी कापडाला इंजिरी म्हणतात. त्यांच्या बायका ते जसंच्या तसं वापरत नाहीत. पात्याने ठरावीक धागे उचलून कापतात आणि ओढून काढतात. उरतं ते जाळीदार, नवी नक्षी असलेलं कापड, पेलेटे बिते. धागा भारताचा, पण जन्म, लग्न, मृत्यू यांपैकी काहीही त्याच्याशिवाय होत नाही. ‘हे तुमच्याकडून येतं’ असं मी एकदा उत्साहाने म्हणाले, तेव्हा उत्तर आलं, ‘येतं तिथून, होतं इथे.’

इग्बोंचं स्वतःचं हातमागाचं कापड अक्वेटे. ते बायका विणतात, उभ्या रुंद मागावर. पुरुषांचा सदरा इसियागू. नावाचा अर्थ बिबट्याचं डोकं, पण छापात बहुतेकदा आयाळवाला सिंहच असतो.

अंकारा हे तरी अस्सल आफ्रिकन कापड असेल?

अंकारा म्हणजे भडक नक्षीचं छापील सुती कापड. जावाच्या बाटिकची नक्कल हॉलंडच्या गिरण्यांनी केली आणि ती पश्चिम आफ्रिकेत खपली. आज बराच माल चीनचा. तरी नक्षींना नावं, अर्थ आणि म्हणी इथल्या बायकांनी दिल्या, तेव्हा अस्सल म्हणायला माझी हरकत नाही. अस्सल नीळ बघायची तर अबेओकुटा या योरुबा शहराचं अदिरे पाहा. कसावाच्या खळीने चित्र काढून नीळ चढवतात, खळ असलेली जागा पांढरी राहते. उत्तरेत कानोच्या कोफार माताला नीळ रंगवायचे जमिनीतले हौद आहेत, ते १४९८ पासूनचे असं तिथे सांगतात.

बाकीच्या गटांचं काय?

बेनिन शहराच्या (बेनिन देशाच्या नव्हे) एडो लोकांची वधू लाल मखमलीत, डोक्यावर पोवळ्यांचा ओकुकू मुकुट. टिवांचं कापड काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, लांबूनच ओळखू येतं. एफिक वधूचा ओन्योन्यो हा घोळदार झगा मिशनऱ्यांच्या काळातल्या गाऊनवरून आलाय, पण केसांतल्या पितळी फण्या त्यांच्या स्वतःच्या.

एका गटाचे कपडे दुसऱ्याने घातले तर चालतं?

चालतं, आवडतंही. दर शुक्रवारी कचेऱ्यांत लोक ‘नेटिव्ह’ घालून येतात आणि कोण कुणाचं घालतंय याचा हिशोब कोणी ठेवत नाही. १९७३ पासून पदवीधरांना वर्षभर दुसऱ्या राज्यात राष्ट्रसेवेला पाठवतात. तिथून योरुबा मुलगा तुवोची आवड आणि इग्बो मुलगी हौसा टोपीवाला नवरा घेऊन येते. पुढारी तर प्रचाराला ज्या गावी जातील तिथली टोपी घालतात, ते आपल्याला नवीन नाही. एकच अपवाद : इग्बोंची लाल टोपी. ती मानाची आहे, बाजारातून विकत घेऊन मिरवायची नाही.

लग्नाचं आमंत्रण आलंय, साडी नेसून जाऊ का?

खुशाल जा, पण आधी अशो एबी आहे का ते विचारा. असेल तर तेच कापड घ्या. साडीवरच त्याच रंगाचं गेले बांधलंत तर तुमचे फोटो नवरीपेक्षा जास्त निघतील. इग्बो लग्न असेल तर दुपारच्या त्या क्षणी जागा सोडू नका, जेव्हा नवरी ताडीचा पेला घेऊन गर्दीत नवऱ्याला शोधत फिरते आणि वाटेत सगळे पुरुष ‘मीच तो’ म्हणून हात पुढे करतात. योरुबा लग्नात नाचणाऱ्यांच्या कपाळावर नोटा चिकटवतात. २००७ च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्याने तो गुन्हा आहे, तुम्ही पाहुण्या आहात, तेव्हा नुसतं नाचा. आणि पातळ निऱ्यांची साडी नेसू नका. रात्री दहाला जोलोफ येईल तेव्हा तुम्हाला ती सावरत उभ्यानेच खावं लागेल.